पाठीचा कललेपणा आणि खरा स्कोलिओसिस: मुलांच्या कण्याला बाक कशामुळे येतो?

मुलाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर दिसू लागतो, सदरा अंगावर एका बाजूला ओढल्यासारखा बसतो, कंबरेचा एकीकडचा खळगा अधिक खोल वाटतो, आणि घरातली मंडळी ठरवून टाकतात की हे जड दप्तराचे किंवा वेडेवाकडे बसण्याचे फळ आहे. हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो, कारण पाठ एका बाजूला गेलेली दिसण्यामागे दोन अगदी वेगळ्या अवस्था असू शकतात. एकीत कण्याची रचना शाबूत असते आणि तो दुसऱ्याच कुठल्या तरी कारणाने कललेला असतो; तिला कार्यात्मक वक्रता म्हणतात. दुसरीत मणके बाजूला झुकतातच, शिवाय स्वतःच्या अक्षाभोवती फिरतात. ही रचनात्मक वक्रता म्हणजेच खरा स्कोलिओसिस. पोक काढून बसणे या दोन्हींपासून निराळे आहे, कारण पोक हा पुढच्या दिशेचा बाक असतो आणि इथे प्रश्न डावी-उजवीकडे जाणाऱ्या बाकाचा आहे.

दोन्ही अवस्थांमधला निर्णायक फरक कण्याला पडलेल्या पिळाचा आहे. मणका फिरला की त्याला जोडलेल्या बरगड्याही फिरतात आणि बाकाच्या फुगीर बाजूला पाठीवर उंचवटा येतो. तो पाहण्यासाठी विल्यम ॲडम्स या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८६५ मध्ये वर्णन केलेली वाकण्याची चाचणी आजही वापरली जाते. मुलाची पाठ उघडी ठेवून त्याला अनवाणी, पावले जुळवून आणि गुडघे ताठ ठेवून उभे करतात, दोन्ही तळवे जोडून हात सैल सोडायला लावतात आणि पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत हळूहळू पुढे वाकायला सांगतात. पाहणारा मागे बसून आपली नजर पाठीच्या पातळीला आणतो. कण्याला पीळ नसेल तर पाठीच्या दोन्ही बाजू सहसा सारख्या उंचीवर दिसतात. पीळ असेल तर एका बाजूच्या बरगड्या, किंवा बाक कंबरेपाशी असेल तर एका बाजूचे स्नायू, वर उठलेले दिसतात. पाठीच्या मध्यरेषेवरून बोट फिरवून बाक जोखणे मात्र फसवे ठरते, कारण हाताला लागणारी मणक्यांची टोके पिळामुळे बाकाच्या आतल्या बाजूकडे वळलेली असतात आणि बाक प्रत्यक्षापेक्षा कमी भासतो. नेमके माप उभ्याने काढलेल्या एक्स-रेवरच मिळते. त्यावर मोजलेला कॉब कोन, म्हणजे बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या सर्वाधिक कललेल्या मणक्यांमधला कोन, १० अंश किंवा त्याहून अधिक असेल आणि मणके फिरलेले असतील, तरच स्कोलिओसिस असे निदान केले जाते.

कार्यात्मक वक्रतेचे कारण बहुधा कण्याच्या बाहेर सापडते. सर्वांत ओळखीचे कारण म्हणजे दोन पायांच्या लांबीतील फरक. एक पाय आखूड असला की कंबर त्या बाजूला खाली जाते आणि डोके मध्यावर राखण्यासाठी कणा वळसा घेतो. अशा मुलाला सपाट स्टुलावर बसवले किंवा आखूड पायाखाली योग्य जाडीची फळी ठेवली की कंबर समतल होते आणि बाक तिथल्या तिथे नाहीसा होतो. उभ्याने वाकून केलेल्या चाचणीतही कललेल्या कंबरेमुळे पाठ तिरकी दिसू शकते, म्हणून शंका आल्यास तीच चाचणी बसवून पुन्हा करणे मला अत्यावश्यक वाटते. याशिवाय स्नायू आखडल्यामुळे, मणक्यांमधील चकती सरकल्यामुळे किंवा पोटातील एखाद्या दाहामुळेही मूल वेदना टाळण्यासाठी एका बाजूला झुकते. मूळ कारण दूर झाले की हा बाक सहसा जातो.

रचनात्मक स्कोलिओसिसच्या कारणांकडे वळल्यावर पहिलीच गोष्ट पालकांना अस्वस्थ करते: सुमारे ८० टक्के मुलांमध्ये कोणतेही एक ठराविक कारण सापडत नाही. या प्रकाराला अज्ञातहेतुक स्कोलिओसिस म्हणतात. तो बहुतेक वेळा वयाच्या १० वर्षांनंतर दिसू लागतो आणि किशोरवयातील साधारण २ ते ३ टक्के मुलांमध्ये आढळतो. एकच कारण सापडत नसले तरी त्याबद्दल बरेच ठाऊक आहे. तो कुटुंबांमधून चालत आलेला दिसतो, एकसारख्या जुळ्यांमध्ये दोघांनाही असण्याचे प्रमाण भिन्न जुळ्यांपेक्षा जास्त असते, आणि एलबीएक्स१ यांसारख्या जनुकांजवळील बदलांशी त्याचा संबंध आढळला आहे; म्हणजे अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असावा. एकदा बाक आला की वाढच त्याला खतपाणी घालते. बाकाच्या आतल्या बाजूला मणक्यांवर अधिक दाब येतो, तिथली वाढ मंदावते, बाहेरची बाजू वाढत राहते, मणका पाचरीसारखा होतो आणि बाक आणखी वाढतो. सौम्य बाक मुलामुलींमध्ये जवळजवळ सारख्याच प्रमाणात आढळतो, परंतु ३० अंशांपलीकडच्या बाकात एका मुलामागे साधारण १० मुली असतात.

या सगळ्यात दप्तराला कुठेही जागा नाही. जड ओझ्याने पाठ दुखू शकते आणि ते कमी करावेच, पण दप्तरामुळे, झोपण्याच्या पद्धतीमुळे किंवा बसण्याच्या सवयीमुळे कण्याला असा कायमचा पीळ पडतो याला आधार नाही. तरीही ‘नीट बस’ म्हणून मुलीला वर्षभर बोलणी बसतात, हे मला फार अन्यायाचे वाटते.

उरलेल्या मुलांमध्ये कारण दाखवता येते. जन्मजात प्रकारात गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांतच मणका अर्धवट घडतो किंवा दोन मणके एका बाजूने जोडलेले राहतात. त्याच काळात मूत्रपिंडे आणि हृदयही घडत असल्याने अशा बाळांची या अवयवांचीही तपासणी केली जाते. सेरेब्रल पाल्सी, डुशेन स्नायुक्षय किंवा स्पायना बायफिडा असलेल्या मुलांमध्ये स्नायू कण्याला समतोल आधार देऊ शकत नाहीत. मारफान सिंड्रोम आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिस यांसारख्या आनुवंशिक विकारांतही कणा वाकतो. त्वचेवरचे अनेक कॉफीरंगी डाग न्यूरोफायब्रोमॅटोसिसची सूचना देतात.

दोन अवस्थांची गल्लत झाल्याने खरे नुकसान होते ते वेळेचे. पाळी सुरू होण्याच्या आधीचा काळ मुलीच्या उंचीच्या सर्वाधिक वेगाचा असतो आणि बाक वाढण्याचा धोकाही त्याच काळात सर्वाधिक असतो. वाढ शिल्लक असताना बाक साधारण २५ ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर ब्रेस, म्हणजे धडाभोवती घालायचा आधारपट्टा, दिला जातो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, तर केवळ देखरेखीखाली ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होते. रोज सुमारे १३ तास किंवा त्याहून अधिक ब्रेस घालणाऱ्यांमध्ये यश ९० टक्क्यांच्या पुढे गेले. वाढ संपल्यावर ही संधी उरत नाही, आणि ५० अंशांपलीकडचा बाक त्यानंतरही हळूहळू वाढत राहू शकतो.

याचा अर्थ कार्यात्मक बाक नेहमी निरुपद्रवी असतो असा मात्र नाही. अज्ञातहेतुक स्कोलिओसिसमध्ये तीव्र वेदना सहसा नसतात. म्हणून रात्री झोपेतून उठवणारे दुखणे आणि त्यासोबत आलेला बाक दिसला तर मणक्यातील ऑस्टिऑइड ऑस्टिओमासारख्या गाठीचा किंवा जंतुसंसर्गाचा विचार आधी करावा लागतो. पायात अशक्तपणा, लघवीवरील ताबा जाणे, एकाच पावलाची कमान वाढत जाणे, किंवा छातीच्या भागातील बाक नेहमीप्रमाणे उजवीकडे न जाता डावीकडे फुगीर असणे, ही लक्षणे मज्जारज्जूकडे बोट दाखवतात. अशा मुलाला व्यायामाला लावण्याआधी मज्जासंस्थेची तपासणी आणि एमआरआय करून घ्यावा लागतो.