लॉबीतल्या गजाली

रात्री साडेदहाला मोबाईलवरच्या गेमच्या लॉबीत, म्हणजे मॅचआधी जमायच्या जागेत, आमच्या चौघांपैकी तिघं ‘रेडी’ होऊन बसलेले असतात आणि चौथा बटणच दाबत नाही. शेजाऱ्याच्या म्हशीने आज तरवा (भाताची रोपं) कसा तुडवला, हे त्याला आधी सांगायचं असतं. मग दुसऱ्याला आठवतं की त्यांच्याकडे अजून चिखलणीच झालेली नाही. तिसरा विचारतो, बांगडा काय भाव मिळाला? मॅच सुरू व्हायला पंधरा मिनिटं लागतात, आणि सुरू झाल्यावरही अर्धं बोलणं म्हशीचंच चालतं. घरातल्यांना वाटतं आम्ही गेम खेळतोय. खरं तर आम्ही गजाली मारत असतो.

गजाल हा मालवणी मुलखातला शब्द. गप्पा म्हटलं की त्यातलं निम्मंच येतं. विषय ठरलेला नाही, घाई नाही, मध्ये कोणी उठून गेला तरी हरकत नाही आणि परत आला की त्याला धागा पकडून द्यायचा, तेव्हा ती गजाल. कोकणात पाऊस चार महिने माणसाला घरात कोंडतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून यांत्रिक होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, लावणी आटोपली की शेतातही फार काही उरत नाही. मग पडवीत जाळी विणत, फणसाच्या आठळ्या भाजत बोलणं चालायचं. हाताला काहीतरी काम लागतं, नाहीतर नुसतं बसून बोलणाऱ्याला आळशी म्हणतात. गणपतीतल्या जागरणाला ते काम पत्त्यांनी केलं. मेंढीकोटाला चार माणसं लागतात, कॅरमलाही चारच. हा चारचा आकडा पुढे परत येतो, म्हणून इथे सांगून ठेवतो.

या गजालींना पहिली चीर पडली ती मुंबईमुळे. १८५०च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून (सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला) माणसं गिरणीत जाऊ लागली. गावात म्हातारे, बाया आणि मुलं उरली, बोलणारे पुरुष गिरणगावातल्या खोल्यांत. एकेका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत आणि तिथेही विषय गावचाच असे: पाऊस, भात, देवळाचे मानपान. म्हणजे गजाल दोन्हीकडे चालू होती, पण एकमेकांना ऐकू येत नव्हती. मनिऑर्डरीच्या तळाशी चार ओळी लिहायला जागा असे, त्यात ख्यालीखुशाली मावायची, म्हशीने तरवा तुडवल्याचं मावायचं नाही. पुढे एसटीडी बूथ आले, पण तिथे समोर लाल आकडे पळत असायचे. पैसे मोजत माणूस कामाचंच बोलतो. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली तेव्हा माणसं जवळ आली, तीही वर्षातून दोनदा.

तिकडे संगणकाच्या जगात निराळ्या वाटेने गजालीच जमत होत्या. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ नावाचा खेळ रचला. नुसत्या अक्षरांचा खेळ, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा, खजिना शोधायचा. अशा खेळांत माणसं खजिना सोडून एका जागी थांबून बोलत बसू लागली. १९८९ साली अमेरिकेत जेम्स ॲस्पनेसने ‘टायनीमड’ केला, त्यात लढाईच काढून टाकली. उरल्या त्या खोल्या आणि खोल्यांत गप्पा, आणि लोक त्यालाही आले. मला या इतिहासात सर्वांत मोलाची हीच गोष्ट वाटते. गप्पा खेळाला नंतर चिकटलेल्या नाहीत, त्या पहिल्यापासून आत आहेत.

आमच्यापर्यंत हे पोचलं २००४-०५च्या सुमाराला, तेही रत्नागिरीत कॉलेजला होतो म्हणून. सायबर कॅफेत प्लायवूडच्या खोपट्यांत सहा-सात संगणक एकमेकांना जोडलेले आणि त्यांवर काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम. माईक कोणाकडे नव्हता, पार्टिशनवरून ओरडायचं. पण माझ्या लक्षात राहिलं ते भारनियमन. दिवे गेले की यूपीएस ओरडायला लागायचे, कॅफेवाला पटापट सगळं बंद करायला लावायचा आणि आम्ही बाहेरच्या पायरीवर बसायचो. तासाचे पैसे भरलेले असत, त्यामुळे वीज येईपर्यंत कोणी हलत नसे. आज ज्यांच्याशी रोज बोलतो त्यांतला एक मला त्या पायरीवर भेटला. तो चिपळूणचा, मी देवगडकडचा. त्याला माझी मालवणी कळायची नाही, म्हणून मी एकेक वाक्य दोनदा बोलायचो.

मग मोबाईल. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं आणि डेटा मोजून वापरायची सवय काही महिन्यांत सुटली. रेंज मात्र कोकणातल्या भूगोलाच्या मर्जीने आली. घरं दरीत, खाडीच्या कडेला, आणि टॉवर लांब. म्हणून पोरं संध्याकाळी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जाऊ लागली. कातळावर चपला काढून, काजूच्या झाडाला टेकून बसलेली आठ-दहा पोरं आणि प्रत्येकाच्या तोंडावर मोबाईलचा उजेड, हे दृश्य २०१८ नंतर कित्येक गावांत दिसलं असेल.

२०१८च्या मार्चमध्ये पब्जी या बंदुकांच्या गेमची मोबाईल आवृत्ती आली. ती इतकी का रुजली याची कारणं लोक ग्राफिक्समध्ये शोधतात. मला तिची रचना महत्त्वाची वाटते. शंभर जण विमानातून उतरतात. ‘एरँगल’ हा नकाशा आठ किलोमीटर लांब, आठ रुंद. मॅच अर्ध्या तासाची, त्यात प्रत्यक्ष गोळीबार फार तर पाच-सात मिनिटं. बाकीचा वेळ घरं धुंडाळायची, बंदुका गोळा करायच्या, खेळाची हद्द ठरवणारं सर्कल लहान होईल तसं चालत राहायचं. हात गुंतलेले, तोंड मोकळं. जाळी विणताना जे होतं तेच इथे होतं. आणि एका स्क्वॉडमध्ये, म्हणजे एका गटात, माणसं किती? चार.

शिवाय कानात आवाज. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधली गोष्ट. मालवणकडचा आमचा मित्र मासेमारी बंद म्हणून घरीच होता. मॅचमध्ये तो बोलायचा थांबला आणि त्याच्या माईकमधून एकसारखा सरसर आवाज येऊ लागला. नालासोपाऱ्याच्या खोलीत बसलेल्या दुसऱ्याने विचारलं, “पाऊस लागता काय रे थंय?”

“लागता. कौलांवर पडता तो आवाज येता काय तुका?”

“येता. माईक बंद करू नको, रवांदे तसोच.”

पुढची दहा मिनिटं कोणी फारसं बोललं नाही. ती मॅच आम्ही लवकरच हरलो. दीडशे वर्षं जे दोन बाजूंना तुटून पडलं होतं ते एका कानात येऊन बसलं होतं. मनिऑर्डरीच्या ओळींत हा पाऊस कधी मावला नसता.

गेम हे निमित्त असतं, हे आम्हाला बंदीने दाखवलं. २०२०च्या टाळेबंदीत चाकरमानी गावी परतले, शाळांत विलगीकरणात राहिले, आणि एकाच वाडीतली माणसं एकमेकांपासून लांब बसून पब्जीत भेटत होती. १ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राने पब्जीसह ११८ ॲपवर बंदी घातली. ऑक्टोबरअखेर सर्व्हर बंद झाले. आम्ही दुसरे गेम लावून पाहिले, कोणालाच जमेना. मग रात्री साडेदहाला नुसता कॉन्फरन्स कॉल लावू लागलो. हात रिकामे असल्याने बोलणं अडखळायचं, पण कॉल चुकला नाही. २ जुलै २०२१ला तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

तीन आठवडेही झाले नव्हते. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं आणि तळमजले बुडाले. आमच्या मित्राचा फोन लागेना. मित्रयादीत त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका गेला होता. आम्ही तिघं लॉबीत बसून राहिलो, चौथी जागा रिकामी ठेवून. कोणी अनोळखी आला की त्याला बाहेर काढत होतो. तिसऱ्या रात्री ठिपका हिरवा झाला. तो आला, पण खेळला नाही. काकांच्या दुकानातून चिखल काढायला किती घमेली लागली, वहीखाती कशी लगदा झाली, रस्त्यावर कुणाची तिजोरी वाहून आली, हे तो दीड वाजेपर्यंत सांगत होता.

एक गोष्ट मात्र मला खुपते. या गजालींत बायका नाहीत. माझी चुलतबहीण आमच्यापेक्षा चांगली खेळते, पण अनोळखी स्क्वॉडमध्ये माईक बंद ठेवते. आवाज ऐकला की समोरचे काय बोलतात ते तिने मला एकदा ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पडवीही पुरुषांचीच होती, बायकांच्या गजाली विहिरीवर आणि काजूच्या कारखान्यात चालायच्या, हे खरं. पण ती पडवीची मर्यादा होती. ती इथे आपण उचलून आणायची गरज नव्हती. आता बहीण तिच्या दोन मैत्रिणींबरोबर वेगळी लॉबी लावते, आणि तिथे काय बोलतात ते आम्हाला कळत नाही.

सध्या आमच्याकडे विषय एकच, गणपतीची तिकिटं. पूर्वी रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवसांवर आलं. त्यामुळे सकाळी आठला कोणी कोणाच्या नावाने बसायचं, कणकवली नाही मिळालं तर कुडाळ चालेल का, याची वाटणी लॉबीतच होते. काल मॅच लावायची राहूनच गेली. आत्येच्या आधार कार्डावरचं नाव आणि वय एक जण वाचून दाखवत होता आणि बाकीचे लिहून घेत होते.