कंपाउंड धनुष्याची दोरी उतरणे

चाके व केबल यांच्या साहाय्याने खेचल्या जाणाऱ्या कंपाउंड धनुष्याच्या टोकांवर फिरणाऱ्या कॅमच्या (अनियमित आकाराच्या चाकाच्या) खाचेतून दोरी किंवा केबल निसटण्याच्या बिघाडाला दोरी उतरणे म्हणतात. अर्धवट उतरलेली दोरी कॅमच्या कडेवर चढून बसते. धनुष्य तेव्हा वरवर धड दिसते आणि म्हणूनच अधिक धोकादायक असते. दोरी पूर्ण उतरली तर वाकलेले लिम्ब (धनुष्याच्या लवचीक भुजा) एकदम सुटतात आणि त्या झटक्यात कॅम, आस, केबल, लिम्ब यांपैकी काहीही निकामी होऊ शकते. दोरी तुटणे हा बिघाड वेगळा; मात्र कॅमच्या धातूच्या कडेवर घासली गेल्याने उतरलेली दोरी पुढे तुटू शकते.

कंपाउंड धनुष्याचे जनकत्व अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन यांच्याकडे जाते. शोधाचे वर्ष कुठे १९६६, तर कुठे १९६९ असे दिलेले आढळते. ॲलन यांनी एकस्वासाठी (पेटंटसाठी) १९६६ मध्ये अर्ज केला व डिसेंबर १९६९ मध्ये ते मंजूर झाले, असा या फरकाचा उलगडा होतो. शोधापुरते पहिलेच वर्ष ग्राह्य धरणे योग्य. सुरुवातीच्या धनुष्यांत केंद्र सोडून बसवलेली गोल चाके आणि पोलादी केबल असत. पुढे चाकांची जागा अनियमित आकाराच्या कॅमनी घेतली. एक-कॅम रचना साधारणतः १९९० च्या दशकात रूढ झाली आणि त्यानंतर हायब्रिड (दोन वेगळ्या आकारांचे कॅम) व बायनरी (केबलनी एकमेकांना जोडलेले दोन सारखे कॅम) रचना आल्या. याच काळात धनुष्ये आखूडही होत गेली.

दोरी का उतरते हे कळण्यासाठी तिच्यातला ताण खेचीबरोबर कसा बदलतो ते पाहावे लागते. खेचताना भार आधी चढतो आणि कॅम फिरल्यावर एकदम उतरतो. ही सूट आजच्या धनुष्यांत सुमारे ६५ ते ९० टक्के असते. ६० पौंडांच्या धनुष्याला ८० टक्के सूट असेल, तर पूर्ण खेचीला हातावर फक्त १२ पौंड येतात. लिम्ब मात्र त्याच क्षणी सर्वाधिक वाकलेले असतात आणि त्यांचा भार केबलनी पेललेला असतो. दोरीच्या दोन्ही अंगांत मिळून तेवढे १२ पौंडच वाटले जातात. दोन्ही अंगे कोनात ओढत असल्याने प्रत्येक अंगात निम्मे सहा नव्हे, तर आठेक पौंड. विसाव्याच्या स्थितीत दोरीत याच्या कित्येक पट ताण असतो. थोडक्यात, धनुष्यात सर्वाधिक ऊर्जा साठलेली असताना दोरी सर्वांत सैल असते, आणि सैल दोरीला खाचेतून उचलायला बाजूचा हलकासा रेटाही पुरतो.

नेम रद्द करून दोरी परत सोडताना हा बिघाड विशेष घडतो, तो याचमुळे. सुटीची पातळी संपताच धनुष्य हाताला पुढे ओढते. तिरंदाज दचकून मूठ आवळतो, मूठ वळते, डी-लूप (दोरीवर बांधलेला, जिथून दोरी खेचतात तो छोटा फास) एका बाजूला ताणला जातो आणि दोरी खाचेत नीट बसण्याआधीच तिच्यावर भार चढतो.

मूळ दोष कोणाचा, याबद्दल दोन मते आहेत. एक मत मुठीच्या पिळाला जबाबदार धरते. दुसऱ्या मतानुसार केबल-गार्ड (केबल बाणाच्या वाटेतून दूर ठेवणारा दांडा) केबलना बाजूला ओढून धरतो, त्यामुळे लिम्बचे टोक पिळले जाऊन कॅम कलतो, आणि खरे कारण हा कल होय. कॅम बाण सोडण्यापूर्वीच कललेला असतो हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. मूठ बहुधा शेवटचा धक्का तेवढा देते. एकाच धनुष्याची दोरी वेगवेगळ्या हातांत उतरत असेल, तर तिरंदाजाला दोष देण्यात अर्थ नाही. बाण न लावता दोरी सोडणे, कॅममध्ये काटकी किंवा बाही अडकणे, झिजलेले बेअरिंग, आसेची निसटलेली क्लिप, खाचेच्या मापाची नसलेली दोरी ही उरलेली कारणे.

पूर्ण खेचीत दोरी कडेवर चढल्याचे जाणवले तर बाण सोडू नये. टोक लक्ष्याकडेच ठेवून, मूठ न वळवता, दोरी सावकाश परत न्यावी. विसाव्याच्या स्थितीत ती अर्धवट उतरलेली दिसली, तर धनुष्य पुन्हा खेचू नये. पुन्हा खेचल्यावर दोरी आपोआप जागेवर बसते हा समज, किंवा स्क्रू-ड्रायव्हरने ती ढकलण्याचा प्रयत्न, बोटे आणि डोळे दोन्ही धोक्यात घालतो.

दुरुस्ती बो-प्रेसवरच (लिम्ब दाबून दोरी सैल करणाऱ्या उपकरणावरच) करावी. लिम्बचे बोल्ट वर-खाली सारखेच फेरे आणि उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेतच सैल करावेत. जवळजवळ समांतर लिम्बच्या धनुष्यांना टोकांशी आधार देणारा प्रेस लागतो. लिम्बच्या मध्यावर दाब देणाऱ्या जुन्या प्रेसने ते तडकू शकतात. दोरी चढवण्याआधी तपासणी करावी. कापसाचा बोळा लिम्बच्या कडांवरून हळूच फिरवला की नजरेला न दिसणारी चीरही कापसाचे तंतू धरून ठेवते. असा लिम्ब सांधता येत नाही, तो बदलावाच लागतो. कॅमच्या कडेवर नख अडखळले तर तिथे धातू उचकटलेला आहे असे समजावे. आस सपाट पृष्ठभागावर लोळवून पाहावी. दोरीचा एखादा पदर कापला गेला असेल तर पूर्ण दोरी बदलावी. जोडणीनंतर आसांमधील अंतर व ब्रेस-हाइट (धनुष्याच्या मुठीपासून दोरीपर्यंतचे अंतर) मोजावी, दोन्ही कॅम एकाच वेळी थांब्याला टेकतात का पाहावे, आणि पहिली खेच बाण लावून, लक्ष्यासमोर, थोडी थोडी घ्यावी.

कॅमचा कल घरीही तपासता येतो. कॅमच्या सपाट बाजूला बाण टेकवून धरावा. तो दोरीला समांतर न जाता तिला तिरका छेदत असेल तर कॅम कललेला आहे. दुभागलेल्या केबलच्या एका शाखेला पीळ वाढवून हा कल कमी करता येतो. अशी शाखा नसलेल्या बायनरी रचनेत आसेवरच्या चकत्या बदलून कॅम बाजूला सरकवावा लागतो.

कंपाउंड प्रकार मैदानी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १९९५ पासून आहे आणि वर्ल्ड आर्चरी या तिरंदाजीच्या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार कमाल खेच ६० पौंड ठेवता येते. पात्रता फेरीत साधन बिघडल्यास पंचांच्या परवानगीने मारायचे राहिलेले बाण मारून घेण्यासाठी १५ मिनिटांपर्यंत मुभा मिळते. बाद फेरीच्या सामन्यात जादा वेळ मिळत नाही. तेवढ्या अवधीत प्रेस लावून तपासणी करणे शक्य नसल्यामुळे अनुभवी तिरंदाज त्याच मापाचे दुसरे धनुष्य नेम जुळवून जवळ ठेवतात.