तात्मदॉ (म्यानमारचे लष्कर)

म्यानमारचे (पूर्वीचा ब्रह्मदेश) सैन्यदल आणि त्या देशातील एक प्रमुख सत्ताकेंद्र. सेनापतींनी राज्य चालवणे आग्नेय आशियाला नवे नाही. थायलंडमध्ये सत्तापालट वारंवार झाले आणि इंडोनेशियात सुहार्तो यांचा अंमल तीन दशके टिकला. म्यानमारच्या सेनाधिकाऱ्यांनी मात्र सत्ता बळकावून न थांबता राज्यघटनेत स्वतःचा कायमचा वाटा लिहून घेतला.

हे सैन्य जन्मापासूनच राजकीय होते. आँग सान आणि त्यांच्या साथीदारांनी जपानच्या मदतीने १९४१ मध्ये ब्रह्मी स्वातंत्र्यसेना उभारली. मार्च १९४५ मध्ये हेच सैनिक जपानवर उलटले. १९४८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले आणि लगोलग कम्युनिस्टांचे, मग कारेन या अल्पसंख्याक वांशिक समाजाचे बंड पेटले. देश फुटू दिला नाही तो आम्हीच, ही लष्कराची धारणा तेव्हापासूनची आहे. पुढच्या प्रत्येक लष्करी उठावाचे समर्थन तिच्याच आधारे झाले.

१९५८ मध्ये पंतप्रधान ऊ नू यांनीच जनरल ने विन यांच्याकडे काळजीवाहू सरकार सोपवले. ने विन यांनी निवडणूक घेऊन ते परत केले, पण २ मार्च १९६२ रोजी सत्ता कायमची घेतली. समाजवादाच्या नावाखाली दुकाने आणि कारखाने सरकारजमा झाले. लाखो भारतीयांना देश सोडावा लागला. सप्टेंबर १९८७ मध्ये २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा भरपाई न देता रद्द झाल्या. लोकांची साठवलेली पुंजी एका फटक्यात गेली. त्यानंतर आलेल्या नोटा होत्या ४५ आणि ९० क्याटच्या: दोन्ही आकड्यांना नऊने भाग जातो, आणि नऊ हा ने विन यांचा शुभांक मानला जाई. पुढच्याच वर्षी देशभर उठाव झाला. लष्कराने तो गोळीबाराने मोडला. १९९० च्या निवडणुकीत आँग सान स्यू की यांच्या नॅशनल लीग फॉर डेमॉक्रसीने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या, तरी सत्ता सुटली नाही.

२००८ ची राज्यघटना ही लष्कराची खरी कारागिरी. नर्गिस चक्रीवादळाने इरावती खोऱ्याची वाताहत केली असतानाच तिच्यावर सार्वमत उरकण्यात आले. तिच्यानुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांतील २५ टक्के जागा सरसेनापतीने नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या असतात. कनिष्ठ सभागृहात त्या ११० भरतात. हे सदस्य लष्करी गणवेशातच सभागृहात बसत. महत्त्वाच्या घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून अधिक मते लागत असल्याने लष्कराच्या संमतीशिवाय ती मंजूर होणे अशक्य. संरक्षण, गृह आणि सीमा या खात्यांचे मंत्रीही सरसेनापतीच सुचवतो. पोलीस गृहखात्याखाली असल्याने तेही त्याच्याच ताब्यात. शिवाय लष्कराच्या दोन बड्या उद्योगसमूहांचे हात बँका, खाणी आणि बिअरपर्यंत पोहोचलेले आहेत.

सेनापतींना ब्रह्मी राजांच्या वारशाचे आकर्षण मोठे. राजधानी नेपिडोच्या संचलन मैदानावर तीन राजांचे भव्य पुतळे आहेत. इंग्रजांनी हद्दपार केलेला शेवटचा राजा थिबा रत्नागिरीत वारला. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच्या मृत्यूच्या शताब्दीला सरसेनापती मिन आँग लाइंग स्वतः तिथे हजर होते.

नोव्हेंबर २०२० मध्ये स्यू की यांच्या पक्षाने ३९६ जागा जिंकल्या; लष्कराच्या पाठिंब्यावरील पक्षाला अवघ्या ३३ मिळाल्या. १ फेब्रुवारी २०२१ रोजी, नवी संसद भरण्याच्या दिवशीच, राष्ट्राध्यक्ष विन म्यिंट आणि स्यू की यांना अटक झाली. लष्कराने नेमलेले उपराष्ट्राध्यक्ष हंगामी राष्ट्राध्यक्ष बनले, त्यांनी आणीबाणी पुकारली आणि सगळे अधिकार मिन आँग लाइंग यांच्या हवाली केले. कागदोपत्री सारे घटनेला धरून! स्वतःच आखलेल्या चौकटीत इतकी राखीव ताकद असूनही निकाल पचला नाही.

यानंतर मात्र मध्य म्यानमारमधील बामार तरुणांनीही शस्त्रे उचलली. हा बहुसंख्य समाज म्हणजे लष्कराच्या भरतीचा मुख्य आधार. ऑक्टोबर २०२३ पासून अल्पसंख्याक वांशिक समाजांच्या सशस्त्र सेनांनी शान राज्यातली लष्कराची एकामागून एक ठाणी घेतली. मनुष्यबळ अपुरे पडू लागल्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचा जुना कायदा लागू झाला आणि भरती टाळण्यासाठी तरुणांचे लोंढे थायलंडच्या दिशेने निघाले.