भान आणि जाण (रोजच्या जगण्यातली सजगता आणि कृतज्ञता)

भान म्हणजे आत्ता काय चाललंय ते कळत असणं आणि जाण म्हणजे आपल्यासाठी कुणी काय केलंय ते लक्षात असणं. हल्ली यांना माइंडफुलनेस आणि ग्रॅटिट्यूड म्हणतात आणि दोन वेगळी खाती असल्यासारखी शिकवतात, एका ॲपमध्ये ध्यान आणि दुसऱ्यात डायरी. पण शब्दाची फोड केली तरी कळतं की हे प्रकरण एकच आहे. कृतज्ञ म्हणजे कृत जाणणारा, केलेलं ज्याला कळतं तो. आणि उलटा शब्द कृतघ्न, म्हणजे केलेलं मारून टाकणारा. त्यामुळे कृतज्ञतेत आधी जाणणं येतं, गहिवर वगैरे नंतर, आणि नाही आला तरी बिघडत नाही. ज्याचं लक्षच नव्हतं तो आभार कशाचे मानणार?

सजगतेचं मूळ पाली 'सती' या शब्दात आहे, संस्कृतमध्ये स्मृती, म्हणजे मुळात आठवण ठेवणं. बौद्ध परंपरेतल्या सतिपट्ठान सुत्तात श्वासाबरोबरच चालताना, खाताना, कपडे घालताना, अगदी शौचाला गेल्यावरसुद्धा भान ठेवायला सांगितलंय, त्यामुळे ही फक्त आसनावर डोळे मिटून करायची गोष्ट आहे असं समजणाऱ्यांनी तो भाग जरूर बघावा. ऱ्हीस डेव्हिड्स या अभ्यासकाने १८८१ मध्ये सतीसाठी माइंडफुलनेस हा शब्द वापरला. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जुनाट दुखणी असलेल्या पेशंटसाठी याचा कोर्स सुरू केला, तो पुढे ८ आठवड्यांचा म्हणून जगभर गेला. त्यात सुरुवातीला एक मनुका देतात, ती हातात फिरवायची, उजेडात धरून बघायची, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायची आणि मग सावकाश चावायची. बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळतं की आपण आजवर मनुका मूठभर गिळत आलोय, खाल्ली अशी एकही नाही.

मन भटकतं यात नवल काहीच नाही. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात २,२५० जणांना फोनवरून दिवसात मध्येच कधीही विचारलं की आत्ता काय करताय, मन कुठे आहे आणि कसं वाटतंय, तर जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच. मजा पुढे आहे. छान छान विचारात रमलेली माणसंसुद्धा कामात लक्ष असलेल्यांपेक्षा जास्त खूश नव्हती, आणि कटकटीच्या किंवा धड चांगल्या ना वाईट अशा विचारात असलेली तर जास्तच नाखूश होती.

दुसरी अडचण सवयीची. नवी गोष्ट आली की चार दिवस कौतुक आणि मग ती भिंतीसारखी होते, असते पण दिसत नाही. मानसशास्त्रात ब्रिकमन आणि कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये याला सुखाची ट्रेडमिल म्हटलं, कितीही पळा, जागा तीच. कृतज्ञतेचा सराव म्हणजे या सवयीवरचा उतारा, निदान थोडा वेळ तरी.

एमन्स आणि मॅककलो यांचा २००३ चा प्रयोग यातला सगळ्यात गाजलेला. एका गटाने आठवड्यातून एकदा ज्यांचे आभार वाटतात अशा पाचेक गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी लिहायच्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी. दहा आठवड्यांनी आभारवाले आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते आणि व्यायामही जास्त करत होते. पण रोज लिहिलं की जास्त फायदा असं मात्र समजू नका, कारण ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक पडला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. होमवर्क झालं की पाट्या टाकणं सुरू होतं, दुसरं काय. "घरचे, तब्येत, नोकरी" हे तीन शब्द रोज रात्री लिहून काहीच होत नाही, त्यापेक्षा "काल मी चिडून बोललो तरी तिने फोन ठेवला नाही" असं एकच वाक्य लिहिलेलं बरं, त्यात माणूस आहे, वेळ आहे आणि त्याने काय केलं तेही आहे.

सजगतेसाठी वेगळा वेळ काढावाच लागतो असंही नाही, भांडी घासणं पुरतं. पाणी आधी गार लागतं, मग हाताला सवय होते, फेस पातळ होत जातो, ताट स्वच्छ झालं की बोटाखाली करकर वाजतं आणि मध्येच मन उद्याच्या मीटिंगमध्ये गेलेलं सापडतं. सापडलं की परत आणायचं. हे आणणं हाच सराव, मन गेलं म्हणजे चुकलं असं नाही (नवशिके इथेच वैतागून सोडतात).

याचा गैरवापरही भरपूर होतो. कामाचा बोजा तसाच ठेवून ऑफिसने ध्यानाचं ॲप वाटणं, किंवा अन्याय झालेल्या माणसाला "जे आहे त्यात समाधान मान" म्हणणं, ही जाण नव्हे, गप्प बसवणं आहे. राग आलाय हे कळणं हेही भानच. काही जणांना डोळे मिटून बसल्यावर जुन्या आठवणींनी उलट जास्त त्रास होतो, त्यांनी हट्टाने एकट्याने करत बसू नये, डॉक्टर किंवा समुपदेशकाशी बोलावं.

यादी करून कंटाळा आलेल्यांसाठी एक उलटा प्रकार आहे, वजाबाकीचा. २००८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात काहींना आपला जोडीदार कसा भेटला ते लिहायला सांगितलं आणि काहींना तो कसा कदाचित भेटलाच नसता ते. दुसरे आपल्या नात्याबद्दल जास्त खूश निघाले. भेटलो कसे ही गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत झालेली असते, पण त्या दिवशी निघायला दहा मिनिटं उशीर झाला असता तर काय, हे लिहायला बसलं की रोज समोर बसून फोन बघणारा माणूस एकदम परत दिसायला लागतो.