ग्लायसिन आणि ईडीटीए: लेबलवर भावंडं, मातीत वेगळी

कृषी सेवा केंद्रात चिलेटेड झिंक मागितलं की दोन तऱ्हांची पाकिटं समोर येतात. एकावर 'झिंक ईडीटीए १२%', दुसऱ्यावर 'झिंक ग्लायसिनेट' किंवा नुसतं 'अमिनो'. दोन्हींत सेंद्रिय रेणूने जस्त पकडून ठेवलेलं असतं, दोन्ही रेणूंत नायट्रोजन आणि आम्लगट असतात. म्हणून 'दोन्ही एकच' असं सर्रास सांगितलं जातं. झाडाला जस्त देण्यापुरतं ते चालून जाईल, पण फवारणीनंतर मातीत आणि पाण्यात उरलेल्या रेणूचं काय होतं, याचं उत्तर दोघांत फार वेगळं आहे.

ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. प्रत्येक जिवंत पेशी ते वापरते, त्यामुळे मातीतल्या जिवाणूंना ते ओळखीचं अन्न आहे. जिवंत मातीत ते काही तासांतच फस्त होऊ लागतं.

ईडीटीए १९३० च्या दशकात प्रयोगशाळेत तयार झालं. त्याचा रेणू धातूला सहा बाजूंनी धरतो. जस्तावरची त्याची पकड ग्लायसिनपेक्षा कोट्यवधी पटींनी घट्ट असते. ज्या पकडीसाठी आपण पैसे मोजतो, तीच जिवाणूंनाही सहजी सुटत नाही.

'सहज विघटनशील' ठरवायची चाचणी कडक असते. बाटलीत थोडे जिवाणू, खायला फक्त तो एक पदार्थ आणि मुदत २८ दिवस. जिवाणूंनी तो खाऊन सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजला, तर पूर्ण विघटनात अपेक्षित असलेल्या प्रमाणाच्या किमान ६०% निघावा लागतो. ग्लायसिन त्यात उत्तीर्ण होतं, ईडीटीए होत नाही. पण नापास म्हणजे अमर, असा अर्थ घेऊ नका. माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. सरावलेले जिवाणू आणि अल्कधर्मी पाणी मिळालं तर सांडपाण्याच्या गाळात ईडीटीएही तुटतं. लोहाशी बांधलेलं ईडीटीए तर नदीच्या वरच्या थरात उन्हानेच फुटतं.

उलट, सहज विघटतं म्हणून ग्लायसिन नाल्यात ओतायला मोकळं नाही. जिवाणू ते खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात: एका ग्रॅमला सुमारे ०.६४ ग्रॅम, आणि सुटलेल्या अमोनियाचं पुढे नायट्रेट झालं तर एकूण दीड ग्रॅमच्या आसपास. ३० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. म्हणजे ओढ्यात धुतलेल्या पंपातलं एक ग्रॅम ग्लायसिन जवळपास २०० लिटर पाण्यातला माशांचा श्वास संपवू शकतं.