चाळीस वेळा 'बंद'

रावेरला काकांची केळीची बाग आहे. आजच्या भावानं एवढ्या क्विंटलचे किती होतील, हे सांगणारा छोटा प्रोग्राम मी पायथन या संगणकीय भाषेत त्यांना करून दिला होता. एका सुटीच्या दिवशी त्यांचा फोन आला, "बेटा, हे स्क्रीनभर नुसतं बंद, बंद काय येतंय रे?"

चूक माझ्या 'भाव' या फंक्शनात, म्हणजे दिवसाचा भाव शोधून परत देणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्यात होती. एकच भाव असला की ते आकडा द्यायचं. नवती, पिलबाग, कांदेबाग अशा केळीच्या प्रकारांचे वेगळे भाव असले की यादी, सुटीला 'बंद' हा शब्द, आणि तारीखच सापडली नाही तर काहीच नाही. काहीच परत केलं नाही, तर पायथन आपणहून 'नन', म्हणजे 'काहीच नाही' ही खूण देतो.

आता गुणाकार बघा. पायथनमध्ये शब्दाला पूर्णांकानं गुणलं की तो शब्द तितक्या वेळा लिहिला जातो. माल 40 क्विंटल होता, म्हणून 'बंद' 40 वेळा. दोन भावांची यादी असती तर 80 आकड्यांची यादी झाली असती, तीही विनातक्रार. माल साडेचाळीस क्विंटल असता तर मात्र प्रोग्राम तिथंच थांबला असता, कारण शब्द अपूर्णांकानं गुणता येत नाही. म्हणजे चूक उघडी पडणार की नाही, हे वजनकाट्यावर अवलंबून! त्यापेक्षा 'नन' बरा. त्याला कशानंही गुणा, टाइपएररच येतो, म्हणजे चुकीच्या प्रकारची तक्रार करून प्रोग्राम थांबतो.

पायथनच्या स्वतःच्या घरातही असा खड्डा आहे. मजकुरात अक्षर कितव्या जागी आहे ते 'फाइंड' सांगतं; सापडलं नाही तर ते उणे 1 देतं, आणि उणे 1 म्हणजे पायथनच्या मोजणीत शेवटची जागा. न सापडलेल्या अक्षराऐवजी भलतंच अक्षर हाती येतं. तेच काम करणारं 'इंडेक्स' सरळ व्हॅल्यूएरर ही चूक दाखवून थांबतं. मी तेच वापरतो.

आता 'भाव' नेहमी डिक्शनरीच, म्हणजे जोड्यांची नोंदवही देतं: केळीचा प्रकार आणि त्याचा भाव. एकच भाव असला तर एकच नोंद, सुटीला रिकामी डिक्शनरी. तारीख नसली तर तिथंच एक्सेप्शन, म्हणजे चूक जाहीर करून थांबणं. 'आज भाव निघाला नाही' हे काकांना सांगायचं काम स्क्रीनवर दाखवणाऱ्या भागाकडे.

फंक्शन काय परत करणार, हे 2015 च्या पायथन 3.5 पासून टाइप हिंटनं, म्हणजे फंक्शनवर प्रकाराची टीप लिहून, रीतसर सांगता येतं. पायथन स्वतः ते तपासत नाही, मायपाय हे वेगळं तपासणी साधन तपासतं. जुन्या फंक्शनवर 'डिक्शनरी' लिहून ते मी मायपायला दिलं. त्यानं तिन्ही रिटर्नवर, म्हणजे उत्तर परत देणाऱ्या ओळींवर, बोट ठेवलं, आणि मी लिहायचा राहिलेल्या चौथ्यावरही.