ट्यूनर घ्यायचा की एन्कोडर? छत्रीचा टीव्ही घरच्या नेटवर्कवर आणताना

दोन्ही डबे टेबलावर शेजारी ठेवले तर पटकन फरक कळत नाही. दोन्ही तळहाताएवढे, पत्र्याचे, दोन्हींना बाहेरून अडॅप्टर, दोन्हींना लॅनचा पोर्ट. दुकानदार दोन्हींना "डिशचं चॅनल वायफायवर टाकायचं मशीन" म्हणतो आणि ते खोटंही नाही. फरक दुसऱ्या बाजूला आहे. एकाला आटे असलेली गोल पिन असते, तिच्यावर छत्रीची, म्हणजे डिशची, केबल फिरवून बसवतात. दुसऱ्याला एचडीएमआयचा पोर्ट असतो. पहिला नेटवर्क ट्यूनर, दुसरा एन्कोडर. चोपड्याच्या आमच्या घरात मी आधी एन्कोडर लावला, सहा महिने वापरला आणि मग ट्यूनर आणला. दोन्ही वापरून झाल्यावर माझं मत पक्कं आहे: फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची फुकटची डिश सेवा, बघणाऱ्या घराने एन्कोडरवर पैसे घालू नयेत.

कारण आमच्या भागात चटकन समजेल. रावेर-सावद्याचं केळं दिल्लीला जातं ते हिरवं, कच्चं. पिकवायचं काम तिकडच्या रायपनिंग चेंबरमध्ये होतं. म्हणून माल धड पोचतो. उपग्रहावरून येणारं चॅनलही असंच कच्चं, घट्ट बांधलेलं असतं. ट्यूनर ते न उलगडता जसंच्या तसं लॅनवर टाकतो आणि उलगडायचं काम टीव्ही किंवा मोबाइल करतो. एन्कोडरच्या वाटेने गेलं तर सेट-टॉप बॉक्स आधी चित्र उलगडतो, एचडीएमआयमधून बाहेर काढतो आणि एन्कोडर ते पुन्हा दाबून बांधतो. पिकलेलं केळं परत खोक्यात भरून पाठवण्यासारखंच हे. डाग पडणारच.

आमच्याकडे तो डाग बातम्यांच्या खालच्या पट्टीवर दिसायचा. साध्या चॅनलचं मूळ चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं. बॉक्स ते ताणून 1080 करायचा, एन्कोडर त्या ताणलेल्या चित्राला दाबायचा. सरकणाऱ्या पट्टीतली अक्षरं फिसकटायची. वेलांटी कुठल्या अक्षराची आहे ते कळायचं नाही. एन्कोडरचा वेग 6 एमबीपीएसवर नेला, तरी थोडाच फरक पडला. मूळ चॅनल यापेक्षा कमी वेगात येत होतं. म्हणजे नेटवर्कवर बोजा वाढला आणि चित्र तरी वाईटच राहिलं.

याहून मोठी अडचण घरातल्या माणसांची. एन्कोडर जे दाखवतो ते बॉक्सवर लावलेलं एकच चॅनल. मागच्या खोलीत भावाने क्रिकेट लावलं की पुढच्या खोलीत मोठ्या मायच्या टीव्हीवरही क्रिकेट. "मनं सह्याद्री कोठे गयं?" ही तिची हाक रोजची झाली. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे धरलेले, दिवसभराची सोबत म्हणजे तो टीव्ही. तिच्यासाठीच हा खटाटोप सुरू केला होता आणि तिचंच चॅनल हातातून जात होतं. वेगळ्या खोलीला वेगळं चॅनल हवं तर वेगळा बॉक्स आणि वेगळा एन्कोडर, असा तो हिशोब.

ट्यूनरचा हिशोब निराळा आहे. उपग्रहावर चॅनल एकेकटी येत नाहीत. एका ट्रान्सपाँडरवर, म्हणजे उपग्रहाच्या एका प्रक्षेपण-वाटेवर, बऱ्याच चॅनलांचा गठ्ठा असतो. ट्यूनर एका वेळी एक ट्रान्सपाँडर पकडतो, पण त्या गठ्ठ्यातली सगळी चॅनल वेगवेगळ्या खोल्यांना एकाच वेळी देऊ शकतो. डीव्हीबी-एस या उपग्रह प्रक्षेपणाच्या पद्धतीत 27500 सिंबॉल रेट (दर सेकंदाला जाणाऱ्या खुणा, हजारांत) आणि 3/4 एफईसी (चारांत तीन भाग डेटा, एक भाग चुका सुधारायला) धरला तर आख्खा गठ्ठा साधारण 38 एमबीपीएस होतो. जुन्या 100 एमबीपीएसच्या लॅनवरही असे दोन गठ्ठे आरामात मावतात. दोन खोल्यांना दोन वेगळ्या गठ्ठ्यांतली चॅनल हवी असतील तेव्हाच दुसरा ट्यूनर लागतो. चार ट्यूनर एकाच डब्यात असलेली यंत्रंही मिळतात. बहुतेक यंत्रं सॅट-आयपी या 2012 साली आलेल्या पद्धतीने बोलतात, त्यामुळे व्हीएलसीसारख्या ॲपवरही चॅनल लागतं.

भाच्याने विचारलं होतं, "मामा, छत्रीची केबल सरळ राउटरलाच लावली तर?" प्रश्न चांगला होता. एलएनबी, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरचा डबा, उपग्रहाकडून आलेली लहर कमी फ्रिक्वेन्सीला आणून 950 ते 2150 मेगाहर्ट्झमध्ये केबलवर सोडतो. ती रेडिओची लहर असते, राउटरला कळणारा डेटा नव्हे. लहरीचा डेटा करणं हेच ट्यूनरचं काम.

आता ट्यूनरला न जमणारी गोष्ट, आणि ही खरेदीच्या आधी पाहायची. सशुल्क डीटीएचची चॅनल कुलूपबंद असतात. त्यांची किल्ली कंपनीच्या बॉक्समध्ये आणि कार्डात. ट्यूनर तो गठ्ठा पकडेल, पण उघडू शकणार नाही. घरी सशुल्क जोडणीच असेल तर बॉक्समागे एन्कोडर हाच मार्ग उरतो. तिथेही अनेक बॉक्स एचडीएमआयवर कॉपीला अटकाव करतात आणि पडदा काळा राहतो. फ्री डिशवर मात्र एमपीईजी-2 या चित्र दाबायच्या जुन्या पद्धतीची चॅनल उघडी येतात. 2004 साली डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली हीच सेवा. खेड्यापाड्यांत ज्या छत्र्या दिसतात त्यांतल्या कितीतरी हिच्याच. ओळखायची खूण सोपी: कार्ड नसलेल्या, कुठल्याही कंपनीच्या साध्या बॉक्सवर जे चॅनल दिसतं, ते ट्यूनरवरही दिसेल.

खरेदी करताना एका अक्षराकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. डीव्हीबीच्या पुढे एस हवा. टी म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्याचं प्रक्षेपण, सी म्हणजे केबल. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने "सॅटेलाइट स्टिक" म्हणून टी2 पाठवली होती. तिला छत्रीच्या केबलची पिन बसतच नव्हती. परत करण्यात तीन आठवडे गेले. एस आणि एस2 यांत एस2 घ्या, ती जुनंही पकडते आणि नवंही.

एलएनबीही पाहून घ्या. ट्यूनर त्याला केबलमधूनच हुकूम देतो: 13 व्होल्ट म्हणजे उभी लहर, 18 व्होल्ट म्हणजे आडवी, आणि 22 किलोहर्ट्झच्या सुराने वरच्या फ्रिक्वेन्सींचा पट्टा. एलएनबीच्या एका तोंडावर, म्हणजे केबल जोडायच्या एका पिनेवर, एका वेळी एकच हुकूम चालतो. दोन ट्यूनरनी दोन हुकूम दिले आणि केबल साध्या स्प्लिटरने फोडलेली असेल, तर कुणा एकाचं चित्र जाणार. म्हणून दोन किंवा चार तोंडांचा एलएनबी घ्यायचा आणि प्रत्येक ट्यूनरला स्वतंत्र केबल ओढायची.

घरी जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक असेल तर तयार डब्याऐवजी यूएसबीचा एस2 ट्यूनर आणि टीव्हीहेडेंड हे फुकटचं सॉफ्टवेअर, असंही जमतं. पाय लहान आहे म्हणून घाबरू नका. त्याला चित्र उलगडायचं नसतं, नुसतं पुढे ढकलायचं असतं. मात्र तो ट्यूनर लिनक्सवर चालतो का हे आधी तपासा, आणि सोबत वेगळा अडॅप्टर आहे का तेही. यूएसबीच्या एवढ्याशा करंटवर एलएनबी चालवायचा म्हटलं तर चित्र येईल आणि जाईल. हात बसलेला नसेल तर तयार सॅट-आयपी डबाच बरा.

वायफायच्या बाबतीत मी घरातल्यांशी भांडून वायर ओढली. आमचं पुढचं घर धाब्याचं, भिंती दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या. उन्हाळ्यात त्यांच्यासारखा गारवा नाही, पण वायफाय त्यांच्यातच मुरतो. सॅट-आयपी सहसा यूडीपी या पद्धतीने डेटा पाठवतो, आणि वाटेत हरवलेला तुकडा यूडीपी पुन्हा मागत नाही. मग चित्रात चौकोन पडतात, आवाज खरखरतो. टीव्हीहेडेंड एचटीटीपीने देतो, तिथे हरवलेलं पुन्हा मागवलं जातं, म्हणून मोबाइलला त्याच्यामार्फत जोडा. टीव्हीला वायरच.

छत्री आहे तीच चालते. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 पूर्व रेखांशाच्या 93.5 अंशांवर आहे. चोपड्यातून पाहिलं तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 58 अंश वर येतो. तेवढ्या उंचीवर शेजारचं लिंबाचं झाड सहसा आड येत नाही. ट्यूनर मात्र छत्रीजवळ गच्चीवर ठेवू नका. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात बंद पेटीत तो भाजून निघेल. आमचा जिन्याखाली, राउटरशेजारी आहे, आणि दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले आहेत.

शेजारच्या काकांनी त्यांच्या घरीही वायर मागितली होती. नाही म्हणताना जिवावर आलं. पण घराबाहेर चॅनल वाटायला लागलो तर ती केबलची सेवा होते, आणि तिला 1995 च्या केबल टेलिव्हिजन कायद्याने नोंदणी लागते. त्याऐवजी एका रविवारी त्यांची जुनी छत्री आग्नेयेला फिरवून दिली. मोठ्या मायच्या टीव्हीला आता रिमोटवर एकच बटण लक्षात ठेवावं लागतं, तिथे सह्याद्री लावून ठेवलं आहे.